सव्वा सेकंद

बोलणाऱ्या दोन माणसांपैकी एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात साधारण पाव सेकंदाहूनही कमी वेळ जातो. भाषा कुठलीही असो, या आकड्यात फारसा फरक पडत नाही. समोरच्याचं बोलणं संपण्याआधीच आपण आपलं उत्तर जुळवायला घेतलेलं असतं, म्हणून हे जमतं. ऋजुता आरवाडेला हा आकडा झोपेतही सांगता आला असता. गेली तीन वर्षं तो तिच्या मानगुटीवर बसला होता, कारण तिने बनवलेल्या यंत्राला सव्वा सेकंद लागत होता.

यंत्राचं कागदोपत्री नाव 'वैखरी'. मिरजेच्या प्रयोगशाळेत मात्र सगळे त्याला डबा म्हणत, कारण ते जेवणाच्या डब्याएवढंच होतं आणि तसंच गरमही व्हायचं. ज्यांची वाचा गेली आहे पण विचार शाबूत आहेत, अशा माणसाच्या मेंदूवर नखाएवढी जाळी बसवायची. त्याने मनातल्या मनात वाक्य उच्चारलं की जाळीतून येणारे संकेत डब्याने वाचायचे आणि त्याच्याच जुन्या आवाजात ते वाक्य बोलून दाखवायचं. चाचणीत अकरा रुग्ण होते. त्यांतले पहिले मिलिंद गद्रे, म्हणजे ऋजुताचे गद्रे सर.

सरांनी सांगलीत एकतीस वर्षं संगणकशास्त्र शिकवलं. त्यांच्या तासाला मागच्या बाकावरचेही वेळेवर येत, कारण सर हजरजबाबी होते आणि पहिला टोला हजेरी घेतानाच बसायचा. मग स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशी एकेक करून मरत जाण्याचा आजार त्यांना जडला. हात गेले, पाय गेले, बासष्टाव्या वर्षी आवाज गेला. आता चौसष्टाव्या वर्षी डॉक्टर वर्षाची, फार तर दीड वर्षाची भाषा करत होते.

डब्याने आवाज परत दिला, पण उशिराचा. सरांच्या पत्नी शुभदाकाकू विचारायच्या, "चहा ठेवू?" जरा वाट बघून विचारायच्या, "की नको?" मग "हो" यायचं, आणि ते कुठल्या प्रश्नाला हे कुणालाच कळायचं नाही. भेटायला येणारी माणसं हळूहळू सरांशी मोठ्याने आणि सोपं बोलायला लागली, लहान मुलाशी बोलावं तशी. सरांना त्याचा संताप येई, पण संतापसुद्धा सव्वा सेकंद उशिरा पोचला की विचित्र दिसतो. म्हणून तोही त्यांनी सोडला होता.

ऋजुताने हा वेळ कमी करण्यासाठी जंग जंग पछाडलं होतं आणि शेवटी तो कमी होणारच नाही असं सिद्ध केलं होतं. डब्यातल्या चिपवर पाचशे बारा कोअर होते, म्हणजे एकाच वेळी काम करू शकणारे पाचशे बारा छोटे संगणक. पण हात वाढले म्हणून प्रत्येक काम लवकर होतं असं नाही. समांतर गणनेच्या शास्त्रात कुठल्याही कामाची दोन मापं घेतात. सगळं मिळून काम किती, हे एक. आणि एकीवर दुसरी अवलंबून असलेल्या पायऱ्यांची सर्वांत लांब साखळी किती, हे दुसरं. पहिलं वाटून घेता येतं. दुसरं येत नाही. ऋजुता नेहमी सांगायची, शंभर जणी बसल्या तरी स्वेटरची दुसरी ओळ पहिलीच्या आधी विणता येत नाही.

सरांचं एक वाक्य म्हणजे संकेतांचे साधारण चारशे तुकडे. प्रत्येक तुकडा म्हणजे कुठला ध्वनी, हे त्याआधी कुठला ध्वनी होता यावर ठरायचं. चारशे पायऱ्या, एकेकीला तीन मिलिसेकंद, वर आवाज बनवण्याचा थोडा वेळ. ऋजुताचा स्वेटर ओळीमागून ओळ विणला जात होता आणि बहुतेक कोअर जांभया देत होते. ही साखळी तुटू शकत नाही असं तिने नऊ पानांत मांडून सरांना दाखवलं, तेव्हा सर म्हणाले होते, "पटतंय."

सरांचे दोन शब्द सगळ्या विद्यार्थ्यांना माहीत होते. हात चालत होते तेव्हा सर ते समासात लिहीत, आता बोलत. 'पटतंय' म्हणजे चूक अजून सापडलेली नाही, शोधतोय. 'पटलं' म्हणजे शोधणं संपलं. चौदा वर्षांत ऋजुताने सरांकडून छत्तीस वेळा 'पटतंय' मिळवलं होतं. 'पटलं' एकदाही नाही. सर ते कुणालाच देत नाहीत, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती, आणि त्या समजुतीवर तिचं बरं चाललं होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला मुक्ता खोतने ती समजूत मोडली.

मुक्ता सव्वीस वर्षांची, तासगावची. वर्षभरापूर्वी प्रयोगशाळेत आली तेव्हा तिला डब्याचं झाकण कुठून उघडतं हेही माहीत नव्हतं. तिचं सगळं काम कागदावर. सरांनी तिला वर्गात कधी शिकवलेलं नव्हतं, तरी दोन महिन्यांत ती त्यांची 'मुक्ते' झाली होती. चौदा वर्षांत ऋजुता कधी 'ऋजुते' झाली नव्हती. विश्रामबागेतल्या घरी सरांच्या पलंगाशेजारी एक बुटकं स्टूल होतं, तिथे ऋजुता बसत असे. त्या दिवशी ती डब्याची वायर तपासायला उठली आणि परत वळली तेव्हा स्टुलावर मुक्ता होती.

"सर, हा स्वेटर नाहीये," मुक्ता म्हणाली. "मालगाडी आहे."

सर तिच्याकडे बघत राहिले. मग आवाज आला. "म्हणजे?"

"चारशे वाघिणी जोडायच्यात. ताईंच्या पद्धतीत इंजिनाला पहिली जोडायची, मग तिला दुसरी, असं शेवटपर्यंत. पण तसं कशाला? सगळ्या रुळावर क्रमाने उभ्या आहेत. एकाच वेळी दोन-दोनच्या जोड्या लावून टाकू. मग जोड्या जोडून चार-चार, मग आठ-आठ. नऊ फेऱ्यांत गाडी तयार."

"क्रम?" सरांनी विचारलं.

"क्रम तोच राहतो. फक्त इंजिनाची वाट बघावी लागत नाही. आपण तुकडा ओळखत बसायचंच नाही. आधी अमुक ध्वनी असला तर नंतर तमुक, असा प्रत्येक तुकड्याचा एक तक्ता करायचा. दोन तक्ते जोडले की एक तक्ता होतो. आणि जोडणी कुठूनही सुरू केली तरी शेवटचा तक्ता तोच येतो, हे या चार पानांत आहे."

काकूंनी चारही पानं एकेक करून सरांच्या डोळ्यांसमोर धरली. ऋजुता त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. तिसऱ्या पानाच्या मध्यावर तिच्या लक्षात आलं की हे बरोबर आहे. चौथ्या पानाआधीच तिला हेही कळलं की हे तिला सुचायला हवं होतं.

सरांनी डोळे मिटले.

"पटलं," सर म्हणाले.

काकूंनी टाळी वाजवली. मुक्ता लाजून हसली. तिला बिचारीला त्या शब्दाचा भाव माहीत नव्हता, आणि ऋजुताला सर्वांत जास्त झोंबलं ते हेच.

चार तारखेला प्रयोगशाळेत मुक्ताची पद्धत पहिल्यांदा चिपवर चढवली. कागदावरचं उत्तर होतं पाव सेकंदाच्या आत. चिपवर आलं एक पूर्णांक एकसष्ट शतांश सेकंद. ऋजुताच्या जुन्या पद्धतीहूनही हळू.

मुक्ताचा चेहरा पांढरा पडला. "असं कसं? परत लावू या का ताई?"

परत लावलं. एक पूर्णांक साठ.

ऋजुताने मोजमापांचा पडदा उघडला. पाचशे बारा कोअरचे पाचशे बारा पट्टे, हिरवा म्हणजे काम, तांबडा म्हणजे वाट बघणं. पडदा तांबडालाल होता. आणि तो तांबडा रंग सरसकट नव्हता. आठ-आठ पट्ट्यांच्या गटांत तो आळीपाळीने उडत होता. ऋजुताला कारण कळायला एक श्वासही लागला नाही. एम.टेक.चा तिचा सगळा प्रबंध याच एका भानगडीवर होता.

चिपमधली मेमरी म्हणजे ओळीने मांडलेली घरं. पण कोअर एकेक घर उचलत नाही, आठ घरांची अख्खी ओळ आपल्याजवळ ओढून घेतो. मुक्ताने प्रत्येक कोअरला आपापलं उत्तर लिहायला एकेक घर दिलं होतं, शेजारी शेजारी. कुणाचं घर दुसऱ्याला लागत नव्हतं. पण आठ जणांची ओळ एक होती, आणि लिहिताना ती एका वेळी एकाकडेच राहू शकते. वसतिगृहात दोन मैत्रिणींनी एकच दोनशेपानी वही घ्यावी, एकीने पुढून गणित लिहावं, दुसरीने मागून इंग्रजी. दोघींचं एकमेकींशी काही देणंघेणं नाही, तरी एक लिहीत असेल तेव्हा दुसरीने हात बांधून बसायचं. इथे एका वहीला आठ जण लागले होते आणि क्षणाला हजार वेळा हिसकाहिसकी चालली होती.

मुक्ताच्या सिद्धतेत यातलं काही दिसणं शक्य नव्हतं. तिच्या आदर्श मॉडेलमध्ये कुठलाही कोअर कुठल्याही घरापर्यंत सारख्याच वेळात पोचतो. कागदावर घराला शेजार नसतो. आयुष्यभर कागदावर राहिलेलं माणूसच ही चूक करतं. उपाय एका ओळीचा होता. प्रत्येक घरानंतर सात घरं रिकामी सोडायची. म्हणजे ज्याची वही त्याच्याकडे.

"ताई, तुम्हाला काही दिसतंय का?" मुक्ताने विचारलं.

ऋजुताने पडदा मिटला. "सिद्धता परत एकदा तपासून बघ," ती म्हणाली. "एखादी पायरी निसटली असेल."

त्या दुपारी तिला कडकडून भूक लागली. तीन दिवसांत अन्न गोड लागलं नव्हतं, ते लागलं. जेवणाच्या डब्यातली दुसरी पोळी खाताना तिने स्वतःला बजावून सांगितलं की कागदवाल्यांनी एकदा तरी यंत्रापाशी ठेच खायलाच हवी. आपण दोन दिवसांनी सांगू.

दोन दिवस झाले, चार झाले. मान्यता समितीची बैठक अठ्ठावीस तारखेला होती. समिती एकच पद्धत मंजूर करणार होती, आणि मंजुरीनंतर अठरा महिने तिच्यात काडीचा बदल करता येणार नव्हता. अठरा महिने म्हणजे सरांच्या हिशेबात कायमचंच. हे ऋजुताला माहीत होतं. रोज सकाळी ती ठरवून निघायची की आज सांगायचं, आणि प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढेपर्यंत काहीतरी घडायचं. एकदा काकूंचा फोन आला की मुक्ताच्या हातचं थालीपीठ सरांना वासानेच आवडलं. एकदा सरांनी रोजच्या गप्पांचा अर्धा तास मुक्ताशी सिद्धतेवर बोलण्यात घालवला आणि ऋजुताला फक्त बॅटरीविषयी विचारलं. हरलेल्या मुलीला सर जिंकलेलीपेक्षा जास्त जवळ घेत होते. मग ऋजुताचं सांगणं उद्यावर जायचं.

"अकराव्यांदा वाचली ताई," मुक्ता एक दिवस म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "चूक सापडतच नाही. म्हणजे किती ढ बघा मी, स्वतःची चूकसुद्धा मिळत नाही."

"मिळेल," ऋजुता म्हणाली.

सरांनी एकदा सरळच विचारलं. घरी त्यांच्यासमोर फक्त सिद्धतेची पानं येत, चिपची मोजमापं नाहीत. "तू बघितलंस का तिचं?"

"बघितलं सर, चार तारखेलाच. कागदावर बरोबर आहे. यंत्रावर बसत नाही."

यातला शब्दन्‌शब्द खरा होता. खोटं बोलण्याची तिला सवय नव्हती, म्हणून तिने ते इतकं नीट केलं.

"तू म्हणतेस म्हणजे नसेल बसत," सर म्हणाले.

बावीस तारखेला डब्याच्या पंधरवड्याच्या तपासणीसाठी ऋजुता विश्रामबागेत गेली तेव्हा सरांचे शाळासोबती आपटेकाका कोल्हापुराहून आले होते. हे दोघं भेटले की पूर्वी तासन्‌तास एकमेकांची साल काढत. काकू सांगायच्या की लग्नानंतर पहिली दोन वर्षं त्यांना वाटत होतं, या दोघांचं भांडणच आहे.

"मिल्या, गुडघा बदलून घेतला मी," आपटेकाका पाय लांब करून दाखवत म्हणाले. "नवाकोरा. डॉक्टर म्हणाला, वीस वर्षं बघायला नको."

सरांच्या डोळ्यांत चमक आली. ऋजुता समोरच होती, तिला ती दिसली. वर्गात तीनशे वेळा पाहिलेली चमक होती ती. टोला तयार झाला होता.

आपटेकाका हसले. पण त्याच दमात त्यांचा हात चष्म्याकडे गेला आणि आवाज उतरला. "दादा मात्र त्याच ऑपरेशनातून उठला नाही रे. मागच्या महिन्यात गेला."

"आणि गुडघ्याच्या वरच्या मालाची हमी किती?" डबा म्हणाला. सरांचा आवाज, सरांचा खोडकर सूर.

आपटेकाकांचा हात चष्म्यावर तसाच राहिला.

"ते मी," डबा म्हणाला, आणि मध्ये वेळ गेला, "गुडघ्याबद्दल—"

"कळलं रे, कळलं," आपटेकाका त्याच वेळी म्हणाले.

"दादाबद्दल नाही," डबा पुढे म्हणाला.

"अरे कळलं म्हटलं ना. तुझं ते मशीन मला माहीत नाही का?"

त्यांना कळलं होतं, हे खरं. पण कळणं वेगळं. थोड्या वेळाने सर म्हणाले, "तू बोल. मी ऐकतो," आणि नंतरचा पाऊण तास त्यांनी तोंडातून, म्हणजे डब्यातून, शब्द काढला नाही. आपटेकाका हवापाण्याचं बोलले, ऊसदराचं बोलले, आणि नेहमीपेक्षा लवकर उठले. दारात त्यांनी काकूंना विचारलं, "थकतो का ग हल्ली फार?" काकू म्हणाल्या, "हो, थकतात."

ऋजुता डब्याचा स्क्रू पिळत बसली होती. तो केव्हाच घट्ट बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत कुणी यायच्या आत तिने मुक्ताची पद्धत स्वतःच्या संगणकावर उतरवून घेतली आणि ती एक ओळ घातली. घर, मग सात रिकामी. चिपवर चढवून बटण दाबलं. शून्य पूर्णांक एकवीस.

पडदा हिरवागार झाला होता. पाचशे बारा पट्टे, एकमेकांकडे न बघता कामाला लागलेले. पहिल्यांदा तिला नुसता आनंद झाला, विद्यार्थिनी असताना व्हायचा तसा, निर्भेळ. मग तिची नजर वरच्या चौकटीकडे गेली. तिथे लिहायचं होतं, पद्धत कुणाची. ही आवृत्ती तिच्या संगणकावर होती, वेळ तिने आणला होता. मुक्ताची चिपवर चालत नाही हे सगळ्या प्रयोगशाळेने पाहिलं होतं, आणि ही चालत होती. 'आरवाडे' लिहिलं असतं तरी कुणी बोट ठेवलं नसतं. मुक्ताने तर आभारच मानले असते. तिने नावाचं पहिलं अक्षर टाइप केलं.

मग तिला वाटलं, सर विचारतील, साखळी तुटत नाही म्हणाली होतीस, ती कशी तुटली? आणि आपण त्यांना मालगाडी समजावून सांगू. मुक्ताची मालगाडी. सर डोळे मिटतील आणि म्हणतील, पटलं. चौदा वर्षं ज्या शब्दासाठी घालवली, तो असा चोरून मिळाला तर रात्री उशाशी कसा घ्यायचा, हे तिला कळेना. तिने अक्षर पुसलं.

दार ढकलून मुक्ता आत आली. हातात एक कागद होता. "ताई, माझी पद्धत मागे घेतेय म्हणून समितीला पत्र लिहिलंय. तुमचीच जाऊ दे. जरा शुद्धलेखन बघाल का? दीर्घ-ऱ्हस्वाचीही खात्री वाटेनाशी झालीय मला."

"ठेव तो कागद," ऋजुता म्हणाली. "इकडे ये."

तिने पडदा दाखवला, वही समजावून सांगितली, सात घरं दाखवली. मुक्ता ऐकता ऐकता खालीच बसली. मग तिने ऋजुताच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं आणि लहान मुलीसारखी रडली.

"म्हणजे सिद्धता बरोबर होती?"

"बरोबर होती."

"मी तीन आठवडे काय काय समजत होते स्वतःला. ताई, तुम्ही नसतात तर मी हे सोडून दिलं असतं हो. तुम्हाला कधी सापडलं?"

"आत्ताच," ऋजुता म्हणाली.

हे मात्र पहिलं खरोखरीचं खोटं होतं, आणि ते जिभेवरून अलगद घसरून गेलं.

चोवीस तारखेला सकाळी दहा वाजता विश्रामबागेत नवी पद्धत डब्यात चढवली. काकू, मुक्ता आणि ऋजुता पलंगाभोवती उभ्या होत्या. काय बोलावं हे कुणालाच सुचेना, म्हणून काकूंनी आपलं नेहमीचं विचारलं.

"चहा ठेवू?"

"ठेव. आणि साखर बेताने. तुझा हात हल्ली फार सढळ झालाय."

काकू जागच्या जागी खुर्चीत बसल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आला बाई माझा छळवाद परत."

"गेला कुठे होता? रांगेत होता."

त्यानंतर अर्धा तास सर नुसते बोलत सुटले. काकूंशी दुधावरून बोलले, मुक्ताला तिच्या तासगावी हेलावरून छेडलं, आपटेकाकांना फोन लावायला सांगून त्यांच्या पहिल्याच वाक्याला असं उत्तर दिलं की पलीकडे मिनिटभर नुसता खोकला ऐकू येत होता. ऋजुता भिंतीला टेकून बघत होती. तिला आनंद झाला होता, तो खोटा नव्हता. फक्त प्रत्येक टोल्यानंतर सरांचे डोळे मुक्ताकडे वळत, आणि हे तिच्या नजरेतून सुटत नव्हतं.

"सर, हे सगळं ताईंमुळे," मुक्ता म्हणाली. ती पुन्हा त्याच स्टुलावर होती. "आठ कोअर एकाच वहीत लिहीत होते, हे काल सकाळी त्यांनी एका नजरेत ओळखलं."

"एका नजरेत?"

"म्हणजे सहज मोजमापं बघत होते," ऋजुता म्हणाली, "तर पट्ट्यांमध्ये—"

"चार तारखेला काय दिसलं होतं मग?"

तिचं वाक्य अजून तोंडातच होतं. दोन वर्षं सरांशी बोलताना प्रत्येकाला उत्तराआधी सव्वा सेकंद फुकट मिळत होता. तेवढ्यात माणूस चेहरा नीट करत असे, शब्द निवडून ठेवत असे. तिने स्वतःच्या हाताने काल तो काढून टाकला होता.

"चार तारखेला बघितलं म्हणाली होतीस," सर म्हणाले. "आणि त्या वहीचं उदाहरण तुझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या पानावर आहे. मीच सुचवलं होतं."

"हो सर."

"मग काय दिसलं?"

"तेच," ऋजुता म्हणाली. "तेच दिसलं होतं."

मुक्ताने कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही, तिने परत उचलून ठेवला. "मी तेव्हा विचारलं होतं तुम्हाला," ती हळूच म्हणाली. "दिसतंय का काही म्हणून."

"हो."

"अकरा वेळा वाचली मी ती."

काकू एकीकडून दुसरीकडे बघत होत्या. ऋजुताला वाटलं, निदान आता तरी सगळं सांगून टाकावं. "तुम्ही तिला पटलं म्हणालात, सर," ती म्हणाली. छत्तीस वर्षांच्या बाईच्या तोंडून ते वाक्य इतकं पोरकट वाटलं की पुढचं तिने गिळून टाकलं.

सर काही बोलले नाहीत.

डबा काम करत असला की त्याच्या कडेला एक पिवळा ठिपका लुकलुकतो. ऋजुताने सवयीने तिकडे पाहिलं. आजवर सर गप्प झाले की त्यात डबा किती आणि सर किती, हे कुणालाच सांगता येत नसे, आणि जो तो सोयीने डब्यावर ढकलून मोकळा होत असे. आता ठिपका विझलेला होता. आत काहीही अडकलेलं नव्हतं. सर तिच्याकडे बघत होते, आणि बोलत नव्हते.